केस गेले गव्हापायी, बोल मात्र पोरींना

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. एरवी शेगावची वारी, लोणारचे सरोवर किंवा सिंदखेड राजाचा जिजाऊ जन्मोत्सव यांच्या निमित्ताने ते कानावर पडते. या वेळी निमित्त निराळे होते. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत माणसांचे केस जात होते. पहिल्या दिवशी डोके खाजायचे, दुसऱ्या दिवशी हात फिरवला की केस मुठीत यायचे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके तुळतुळीत व्हायचे. शाळकरी मुले, कॉलेजात जाणाऱ्या मुली, नांदत्या सुना, म्हातारी माणसे, कोणीच सुटले नाही. पुढे मोजदाद झाली तेव्हा १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाल्याचे पुढे आले.

मी घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी गेली अनेक वर्षे दवाखाना चालवते. त्या दिवसांत माझ्याकडेही असे रुग्ण आले. या प्रकाराची वैद्यकीय बाजू आपण पुष्कळ वाचली असेल, पण मला आज तिच्याबरोबर दुसरीही एक बाजू मांडायची आहे. हा आजार पुरुषांनाही झाला आणि बायकांनाही झाला, मात्र दोघांच्या वाट्याला आलेला आजार सारखा नव्हता. पुरुष दवाखान्यात येऊन टोपी काढून सरळ डोके दाखवत होते. बायका दार लावायला सांगत होत्या.

एका आईने आपल्या १९ वर्षांच्या मुलीला आणले. मुलीच्या तोंडाला स्कार्फ घट्ट बांधलेला. आपल्याकडे उन्हाधुळीमुळे मुली स्कार्फ बांधतातच, त्यामुळे कुणाला शंकाही आली नव्हती. आई हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाई, पोरीचे केस मुठीमुठीनं हातात येऊन रायले. सोयरीक जुळली हाय हिची. कोनाले सांगू नका बरं." मी विचारले, किती दिवस झाले? आठ दिवस. आठ दिवस घरात तिघींशिवाय कोणालाही पत्ता नव्हता: ती, आई आणि आजी. वडिलांनासुद्धा सांगितलेले नव्हते. आजीने कांद्याचा रस लावला, मग एरंडेल लावले, मग कुठल्याशा देवाचा अंगारा लावला.

आणि शेजारीण काय म्हणाली, तेही आईने सांगितले. "आजकालच्या पोरीइले नटणंच पाह्यजे. शाम्पू काय, पार्लर काय, मंग असंच होते."

हे शेवटचे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा ऐकले याची गणती नाही. एखाद्या मुलाचे केस गेले तर लोक म्हणत, पाण्यात काहीतरी असेल. मुलीचे गेले तर म्हणत, तिने काहीतरी लावले असेल. शाम्पूची गोष्ट इतकी पसरली की गावोगाव बायकांनी स्वस्तातल्या पुड्या फेकून दिल्या. प्रत्यक्षात ज्यांनी जन्मात शाम्पू वापरला नाही, जे मातीने किंवा अंगाच्या साबणाने डोके धुतात, त्यांचेही केस गेले होते. दीड-दोन इंच केस असलेल्या म्हाताऱ्या बाबांनी कोणते पार्लर गाठले होते? पण एवढा विचार करायला कोणी थांबले नाही.

मग खरे कारण काय निघाले?

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो अगदीच अवाजवी नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला हा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरी-बोअरचे पाणी मचूळ असते. नमुने तपासले तेव्हा नायट्रेटचे प्रमाण वाढलेले आढळले. नायट्रेट जास्त असलेले पाणी तान्ह्या बाळांना घातक असते, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. म्हणून त्या पाण्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण नायट्रेटने चार दिवसांत टक्कल पडत नाही. दुसरा संशय बुरशीचा. बुरशीने केस जातात, पण चट्टे पडून, हळूहळू, खवले येऊन. बापाचे, मुलीचे आणि आजीचे डोके एकाच आठवड्यात साफ होत नाही. मग कोणीतरी 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन टाकले आणि लोक बिचाऱ्या गावकऱ्यांना पाहून दूर सरकू लागले.

येथे थोडी केसांची माहिती सांगितली पाहिजे. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले बहुतेक एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात आणि थोडे विश्रांतीत. विश्रांतीतले केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून रोज ५० ते १०० केस फणीला येणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. टायफॉइड, डेंग्यू, मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण झाले की शरीर पुष्कळ केसांना एकदम विश्रांतीत पाठवते, आणि ते तीन महिन्यांनंतर भसाभस गळतात. बाई घाबरते, पण हे केस परत येतात. याउलट वाढीच्या अवस्थेतलेच केस मुळाशी तुटून दिवसांत गळाले, तर वैद्यकशास्त्राच्या मनात लगेच विषाचा विचार येतो. कर्करोगाच्या औषधांनी असे होते. उंदीर मारण्याच्या औषधात पूर्वी वापरल्या जाणाऱ्या थॅलियमने असे होते. आणि सेलेनियम या मूलद्रव्याने होते.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव आपल्याला नवे नाही. विंचूदंशावरील उपचारासाठी ते जगभर ओळखले जातात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते स्वतः या गावांत आले, रुग्ण तपासले, रेशनच्या दुकानातून आलेला आणि घरोघरी खाल्ला जाणारा गहू, तसेच रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस यांचे नमुने त्यांनी प्रयोगशाळेत पाठवले आणि तपासणीचा खर्च पदरचा केला. त्यांच्या निष्कर्षानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते. झिंक म्हणजे जस्त कमी झाले होते. रेशनच्या गव्हात किलोमागे १४ मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम मिळाले, इथल्या मातीत पिकलेल्या गव्हाच्या मानाने ते ६०० पट होते. हा गहू पंजाब-हरियाणाच्या बाजूने आलेला होता, असे त्यांनी सांगितले. गहू धुतल्यावरही प्रमाणात फारसा फरक पडला नाही, कारण हे द्रव्य दाण्याला वरून चिकटलेले नव्हते, ते दाण्याच्या आतच होते.

आता हिशेब करून पाहा. प्रौढ माणसाला दिवसाला सेलेनियम लागते सुमारे ४० मायक्रोग्रॅम. ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की धोका, अशी मर्यादा साधारणपणे मानली जाते. किलोला १४ मिलिग्रॅम असलेल्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या दिवसाला ३०० ग्रॅम खाल्ल्या, तर पोटात जाते ४,२०० मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या दहापट, गरजेच्या शंभरपट. तेही रोज आणि घरातल्या सगळ्यांच्या.

सेलेनियमची एक खोड अशी की ते गंधकाचा जुळा भाऊ आहे. जमिनीतून गंधक घेताना झाड चुकून सेलेनियमही उचलते, आणि आपले शरीरसुद्धा तशीच फसगत करून घेते. केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात, त्यात गंधकाचे दुवे असतात. तिथे सेलेनियम जाऊन बसले की दुवा कच्चा राहतो, केस मुळाशी तुटतो, नख ठिसूळ होऊन सुटते. म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये याच भागातील काही लोकांची नखे वाकडी होऊन गळू लागली तेव्हा जाणत्यांना फार आश्चर्य वाटले नाही.

हे जगात पहिल्यांदा घडले असेही नाही. पंजाबात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, होशियारपूर आणि नवांशहर भागातील काही गावांच्या मातीत सेलेनियम फार आहे, आणि तिथल्या शेतीतज्ज्ञांना ते १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात दुष्काळाने भात बुडाला, लोकांना जमिनीतून सेलेनियम ओढणारा मका आणि भाजीपाला जास्त खावा लागला, तेव्हा सर्वांत जास्त झळ बसलेल्या वस्त्यांत जवळजवळ निम्म्या माणसांचे केस आणि नखे गेली. २००८ मध्ये अमेरिकेत एका शक्तिवर्धक द्रव औषधात सेलेनियम नेमले होते त्याच्या सुमारे दोनशेपट पडले, आणि २०१ लोकांना त्रास झाला. त्यांतल्या बहुतेकांचे केस गळाले. या शेवटच्या प्रसंगाकडे मी पुन्हा येणार आहे.

लपवण्याची किंमत

आता त्या मुलीकडे वळू. तिला सेलेनियम ठाऊक नव्हते, मलाही पहिल्या दिवशी त्याचे नाव घेण्याइतका पुरावा समोर नव्हता. पण हे विषासारखे वागते आहे, सगळ्या घराने खाण्यापिण्यात बदल करा, गावात कळवा, एवढे कोणताही डॉक्टर पहिल्या दिवशी सांगू शकतो. तिचे आठ दिवस लपवण्यात गेले. त्या आठ दिवसांत तिने, तिच्या आईने आणि धाकट्या भावाने त्याच पिठाच्या पोळ्या खाल्ल्या. भावाला पाचव्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले होते, तेही घरात कुणी केसांशी जोडले नाही. ताप, डोकेदुखी, अंगाला मुंग्या, उलट्या, तोंडाला लसणासारखा वास, ही सगळी याच दुखण्याची भावंडे असतात. केस हे त्यांतले नजरेला दिसणारे लक्षण, आणि नेमके तेच पदराखाली गेले.

बाईचे टक्कल आपल्याला इतके का झोंबते, याचा विचार करताना मला तारीबाई, ताराबाई म्हणून घराघरांत ठेवल्या जाणाऱ्या नावांची नव्हे, आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची आठवण होते. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात सरकारी कचेरीत होते. या बाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहून छापले. नवरा मेला की बाईचे केस काढायचे, दागिने उतरवायचे, शुभकार्यात तिचे तोंड बघायचे नाही, आणि बायको मेलेला पुरुष मात्र दुसरे लग्न करून मोकळा, हा कुठला न्याय, असा त्यांचा सडेतोड सवाल होता. पुढे १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरवून विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे ठरवले. केशवपनाची चाल मुख्यतः ब्राह्मणांत आणि काही वरच्या जातींत होती. कुणब्या-माळ्यांच्या घरांत ती नव्हती. तरी खूण मात्र सगळ्या समाजाच्या मनात घर करून राहिली: बोडके डोके म्हणजे बाईचे काहीतरी सरले. ती चाल जाऊन किती पिढ्या झाल्या, पण डोक्यावर केस नसलेली तरुण मुलगी अंगणात दिसली की म्हातारी बाई अजून नजर वळवते.

पुरुषाच्या टकलाला आपण पैशाची खूण मानून चेष्टा करतो. चेष्टा करतो हे खरे, पण त्यापायी त्याचे लग्न अडत नाही. या गावांत मात्र ठरलेली लग्ने मोडल्याचे डॉ. बावस्करांनीही सांगितले. कित्येकांनी लाजेपोटी उरलेले केसही वस्तऱ्याने काढले, मुलांनी शाळा-कॉलेज सोडून घर धरले.

मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पूर्वी वेणी सोडून दाखवायला सांगत, चालून दाखवायला सांगत. आता तसे उघडपणे कोणी म्हणत नाही. आता मोबाईलवर फोटो मागवतात आणि केस मोकळे सोडलेला एक हवाच, असा निरोप येतो. माझ्या या रुग्ण मुलीच्या सासरच्या मंडळींना कुठून तरी कळले. मी मध्यस्थामार्फत निरोप पाठवला की हा संसर्ग नाही, आनुवंशिक नाही, केस परत येतील. निरोप पोचला, पण सोयरीक मोडली. नंतर केस आले. एप्रिलपर्यंत दोन बोटे झाले, मऊ आणि काळे. त्यानंतर त्या लोकांनी पुन्हा विचारणा केली. मुलगी नाही म्हणाली. तिच्या आईला ते अजून पटलेले नाही, "चांगलं घर होतं, शेती होती," असे ती मला दर खेपेला ऐकवते, आणि मला तिच्याशी वाद घालवत नाही. तीन मुली असलेल्या बाईचा हिशेब निराळा असतो.

बाजार जागा होतो तेव्हा

केस गळण्याची बातमी पसरल्यावर महिन्याभरात माझ्या गावच्या बाजारात तेलाच्या बाटल्यांची रांग लागली. एकशे एक जडीबुटी, कांदा, जास्वंद, आदिवासी तेल, पंधरा दिवसांत केस. लोकांचे केस या काळात उगवू लागलेच होते, कारण त्या गव्हाचे पीठ थांबले होते. शरीर सेलेनियम लघवीवाटे बाहेर टाकते, त्यावर वेगळा उतारा नसतो, खाणे थांबवणे हाच उपाय. पण श्रेय बाटलीला गेले.

तेल निदान बाहेरून लागते. मला जास्त काळजी वाटते ती केसांच्या गोळ्यांची. मेडिकलमध्ये किंवा मोबाईलवर मागवून मिळणाऱ्या 'केस, त्वचा, नखे' छाप गोळ्यांपैकी कित्येकांत सेलेनियम असते! वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. ठरलेल्या मात्रेत एक गोळी घेतल्याने बिघडत नाही, पण केस लवकर यावेत म्हणून दोन कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. अमेरिकेतल्या २०१ माणसांची गोष्ट वर सांगितली ती याचसाठी. या १८ गावांतील कोणीही चिठ्ठीशिवाय अशी गोळी घेऊ नये.

गव्हाच्या बाबतीत पोरींचा काडीचा दोष नव्हता. पण समजा, खरोखरच एखादीने काही लावून घेतले आणि त्याने अपाय झाला, तर? शेजारच्या अकोल्यात २०२३ च्या सुरुवातीला उघडकीस आलेले प्रकरण असेच आहे. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना मूत्रपिंडाचा आजार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा तिघी वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला, आणि तोही बेसुमार. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. पायावर, डोळ्यांखाली सूज येते, लघवीला फेस येतो. आपल्या देशात अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे, चुकून राहिलेला अंशही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. क्रीमची डबी बेनामी असली, तिच्यावर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसला, की ती घरात आणू नये.

दुसरा प्रकार स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमचा. खाज-नायट्यासाठी असलेली ही मलमे आपल्याकडे 'गोरे होण्याची ट्यूब' म्हणून खपतात. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले, तरी ती सर्रास मिळतात. पहिले पंधरा दिवस चेहरा चकाकतो. नंतर कातडी पातळ होते, उन्हात भाजल्यासारखी लाल होते, मुरूम येतात, गालावर केस उगवतात, आणि ट्यूब बंद केली की सगळे दुपटीने उसळते. मग मुलगी पुन्हा ट्यूब लावते. अशा मुलीला "कशाला गेली होतीस नटायला" म्हणणाऱ्या आयांना मी एकच विचारते, स्थळाच्या चिठ्ठीत 'गोरी, सुंदर' हे शब्द कोणी लिहिले होते? मुलगी जात्याच नटवी होती, की काळी म्हणून दोनदा परत गेलेल्या पाहुण्यांनंतर तिने डबी आणली? बहुतेक वेळा डबी आणायला पैसे आईनेच दिलेले असतात.

नटण्यामुरडण्यात वाईट काहीच नाही, असे माझे स्वतःचे मत आहे. मोगऱ्याचा गजरा, मेंदी, टिकली, केसांना लावलेला चांगला रंग, या गोष्टींनी बाईला बरे वाटत असेल तर तो तिचा आनंद. डॉक्टरने नाक मुरडायचे कारण नाही.

केसांच्या नेहमीच्या तक्रारींबद्दल दोन शब्द सांगते. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अंगात लोह कमी असले की केस विरळ होतात. म्हणून सहा महिन्यांहून अधिक केस गळत असतील, तर तेलाआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव आणि माथ्यावरचे केस विरळ, असे तिन्ही एकदम असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा म्हणजे चाई. ती किड्याने होत नाही आणि शेजारच्या बाईला लागतही नाही. घट्ट वेणी, घट्ट अंबाडा वर्षानुवर्षे बांधला तर कपाळाकडचे केस मागे सरतात, ते मात्र पुढे परत येत नाहीत, म्हणून शाळकरी मुलींच्या आयांनी तेवढे ओढून बांधू नये. गेलेला केस परत आला तरी महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. पंधरा दिवसांत लांब केस देणारी जाहिरात खोटी आहे, हे एवढ्या एका आकड्यावरून ओळखता येते.

आणि गव्हाबद्दल. आपल्या आजी-आजोबांच्या ताटात जवारीची भाकर मुख्य होती. आता कित्येक घरांत वर्षभर एकाच जागेहून आलेला गहू चालतो, त्यामुळे त्या गव्हात काही खोट असली तर ती घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक घासात उतरते. रेशन सोडा, असे मी म्हणणार नाही. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांना असे सांगणे सोपे नाही आणि शहाणपणाचेही नाही. पण गव्हाबरोबर ज्वारी, बाजरी, डाळी फिरत्या ठेवाव्यात. ज्या घरात दोन माणसांचे केस किंवा नखे एकाच आठवड्यात जाऊ लागतील, त्या घराने त्या दिवसापासून ते पीठ बाजूला ठेवावे, पण फेकू नये. अर्धा किलो धान्य कोरड्या डब्यात भरून त्यावर दुकान, महिना आणि तारीख लिहावी. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवावे, तहसील कचेरीच्या पुरवठा विभागातही अर्ज द्यावा. घरातल्या बायकांची डोकी पदर बाजूला करून पाहावीत, कारण त्या आपणहून सांगणार नाहीत. आणि गळालेले केस उकिरड्यावर टाकू नयेत. कागदाच्या पुडीत नाव-तारीख घालून जपून ठेवावेत. रक्तातून विष आठवड्यांत उतरते, केसात ते महिनोन्‌महिने राहते, आणि तपासणी करणाऱ्याला बहुधा तेच आधी लागतात.